गाडी बिघडलीय

हाआसिनी गावचं चर्च मागं पडलं की गाडीचा तापमानाचा काटा चढायला लागायचा. आधी चोरपावलानं, मग एकदम लाल रेघेला जाऊन चिकटायचा, आणि बॉनेटच्या फटींतून वाफ यायची. लोपेती गाडी कडेला घ्यायचा, खिडकीतून हात बाहेर घालून दार उघडायचा, कारण आतली मूठ कधीच गळून पडली होती, आणि उतरून पुढच्या चाकाला एक लाथ घालायचा. लाथेनं गाडी सुधारत नाही हे पन्नाशीच्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण लाथ घातल्याशिवाय त्याला बॉनेट उघडायचा उत्साहच यायचा नाही.

दोन महिने हेच चाललं होतं. एरवी हिवाळ्यातही इथं सरी येतात, यंदा सगळा हिवाळा आभाळानं थेंब टाकला नव्हता. रताळ्याचे वेल करपले, केळीची पानं चिरफाळली, पण डांगरं मात्र कशी कोण जाणे पोसली होती. टणक, गडद हिरव्या सालीची, जपानला जाणारी डांगरं. मुआ गावाच्या अलीकडच्या पॅकिंग शेडनं लोपेतीला शनिवार दिला होता. दुपारी बाराला वजन बंद. रविवारी या बेटावर कुणी कामाला हात लावत नाही आणि सोमवारी बोट सुटणार. शनिवार चुकला तर सबंध हंगाम डुकरांच्या पोटात जाणार होता. गाडीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

त्यानं आठवडाभर गाडीची झाडाझडती घेतली. फॅनचा पट्टा ताणून बसवला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर बदललं. तेलाची दांडी ओढून बोटावर तेल चोळून पाहिलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे आतलं गॅस्केट शाबूत होतं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढला आणि तो हातात घेऊन थेट चुलीपाशी आला.

सेनी, त्याची बायको, अळूच्या पानांत खारं मांस आणि नारळाचं दूध बांधत बसली होती. बाजूला पातेल्यात कसाव्याचा कंद उकळत होता.

“जरा सरक,” म्हणत लोपेतीनं थर्मोस्टॅट त्या पातेल्यात टाकला.

“अहो!” सेनी ओरडली. “जेवण आहे ते!”

“बघायचंय उघडतो का.”

“तुमचं डोकं उघडून बघा एकदा. आत काय भरलंय ते तरी कळेल.”

थर्मोस्टॅट उघडला. कसाव्याच्या फेसात त्याचं तोंड सावकाश वासलं गेलं. म्हणजे तोही निर्दोष. लोपेतीनं तो पळीनं काढून घेतला. त्या दिवशी जेवताना प्रत्येक घासाला घरातली माणसं नाक आक्रसत होती, आणि लोपेती कुणाकडे न बघता जेवत होता.

शेवटी दोष हाताला लागला तो असा. इंजिन चालू ठेवून त्यानं रेडिएटरच्या जाळीवरून तळवा फिरवला. वरचा भाग चटका देत होता आणि खालचा जवळजवळ सगळा थंडगार. पाणी खाली उतरतच नव्हतं. झाकण काढून आत बोट घातलं तर बोटाला खरखरीत पांढरा थर लागला. चुना.

विहिरीचं पाणी! हे सबंध बेटच चुनखडीचं, त्यातलं पाणी किटलीत उकळलं तरी महिन्यात किटलीला आतून कवच चढतं. पावसाचं पाणी टाकीतलं, ते माणसांसाठी, गाडीला विहिरीचं. हा कायदा सेनीचा. टाकीच्या नळाला तिनं कुलूप घातलं होतं आणि किल्ली झग्याला आतून पिनेनं टोचलेली असायची.

लोपेतीनं परसातली आंबट संत्री उतरवली. खायला कुणी तोंड लावत नाही अशी ती. दोघा नवरा-बायकोंनी बसून बादलीभर रस पिळला. सेनीच्या बोटांना चिरा होत्या, तिला रस झोंबत होता, आणि प्रत्येक संत्र्याला ती गाडीच्या नावानं एकेक शिवी मोजत होती. रस रेडिएटरमध्ये ओतला, इंजिन तापवलं, तसंच मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी खालची तोटी सोडली तर पिवळट पांढरा गाळ भसाभसा बाहेर आला. विहिरीच्या पाण्यानं तीनतीनदा धुतलं. मग लोपेती बादली घेऊन टाकीपाशी जाऊन उभा राहिला.

“नाही,” सेनी म्हणाली.

“पुन्हा चुन्याचं घातलं तर एवढं केलेलं मातीत जाईल.”

“तळाला बादलीभरच राहिलंय. पोरं काय पितील?”

“शहाळी पितील. डांगरं गेली तर पोरं खातील काय ते सांग.”

सेनीनं टाकीवर बुक्की मारली. पोकळ आवाज आला. मग तिनं पाठ फिरवून झग्यात हात घातला आणि किल्ली काढली. बादली भरेपर्यंत ती नळाकडे बघत होती, जसं काही तिच्या अंगातलंच रक्त काढून नेत होते.

शुक्रवारी संध्याकाळी लोपेती गाडी घेऊन पार पुढच्या गावापर्यंत जाऊन आला. काटा मधोमध. जाग्यावरून हलला नाही. येताना त्यानं एकट्यानं मोठ्यानं गाणं म्हटलं.

शनिवारी उजाडायच्या आत नवरा-बायकोनं गाडीचा मागचा हौदा काठोकाठ भरला. दोघांच्या पाठी मोडल्या होत्या, कोपरापर्यंत हात मातीनं काळे. लोपेती ताडपत्री बांधत होता, तोच फाटकाशी छत्री दिसली.

फूसीआत्या. त्याच्या वडिलांची थोरली बहीण.

आता आत्या म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. या गावात भावाच्या घरात बहिणीचा शब्द खाली पडत नाही आणि भाच्यानं आत्यासमोर मान वर करायची नसते. फूसीआत्या आली आणि डुक्कर घेऊन गेली, फूसीआत्या आली आणि सेनीचं शिवणयंत्र घेऊन गेली, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. गाडी तर जवळजवळ आत्याचीच होती, लोपेती फक्त पेट्रोल घालायचा.

आत्या पायापासून गळ्यापर्यंत काळ्या कपड्यांत होती. कमरेला सुतकाची फाटकी चटई गुंडाळलेली, आणि काखेत तिच्याएवढीच उंच एक गुंडाळी, बारीक विणीची, पांढरीशुभ्र.

“लेसिएली गेली रे,” ती फाटकातूनच म्हणाली. आवाज बसला होता. “काल. निउतोउआला दुपारी दोनला पुरायला नेणार. ही चटई तिच्याबरोबर कबरीत जायला पाहिजे. लहानपणीच्या मैत्रिणी आम्ही, पोरी होतो तेव्हाच ठरलंय आमचं, जी मागं राहील तिनं द्यायची. चल, काढ गाडी.”

निउतोउआ म्हणजे बेटाचं दुसरं टोक. मयताच्या घरी एकदा आत्याला घेऊन गेलं की भाच्याला लगेच परत फिरता येत नाही. बसावं लागतं, खांदा द्यावा लागतो, मयताच्या जेवणाची भट्टीतली डुकरं काढावी लागतात. लोपेतीच्या डोळ्यांपुढे वजन बंद झालेली शेड आली. आणि तोंडातून आपोआप निघून गेलं,

“आत्या, गाडी बिघडलीय.”

हे काही त्यानं शोधून काढलेलं नव्हतं. गावात मोठ्या माणसाला नाही म्हणायची हीच एक रीत होती. शनिवारी गावातल्या निम्म्या गाड्या बिघडलेल्या असतात आणि रविवारी सगळ्या झाडून चर्चपुढे उभ्या असतात. मागणारा ऐकतो, समजतो, ‘असू दे’ म्हणून पुढच्या घरी जातो. कुणाचा मान जात नाही.

पण फूसीआत्यानं आयुष्यात कुणाकडून नाही ऐकलेलंच नव्हतं, तर तिला ती रीत कुठून कळणार? दोन महिने या गाडीला वाफा सोडताना तिनं स्वतः पाहिलं होतं.

“पुन्हा उकळतेय होय मेली?” ती म्हणाली. “मग कर दुरुस्त. मी बसते.”

आणि ती ओसरीवर जाऊन खरंच बसली. गुंडाळी मांडीवर आडवी घेतली.

लोपेतीनं सेनीकडे पाहिलं. सेनीनं नजर फिरवली आणि आत जाऊन एक भांडं दणकन आपटलं.

आता दुरुस्त करणं आलं. धडधाकट गाडी दुरुस्त कशी करतात ते लोपेतीला माहीत नव्हतं. त्यानं बॉनेट उघडलं, पाना काढला, एक नट सैल केला आणि परत घट्ट केला. प्लग काढून पुसले, परत बसवले. बॅटरीच्या तारा खरवडल्या. ऊन चढत होतं. डांगरांवरची ताडपत्री तापून वास मारायला लागली होती. दहापंधरा मिनिटांनी आत्याला कंटाळा येईल, दुसरा कुणी भाचा आठवेल, अशी त्याला आशा होती. आत्याला मुळी कंटाळा येत नव्हता.

“सापडलं का रे?”

“बघतोय, आत्या.”

“पट्टा बघितलास?”

“बघितला.”

“परत बघ. आमच्या यांच्या गाडीचा सारखा पट्टा जायचा.”

त्यानं पट्टा परत बघितला. आत्या उठून जवळ आली, वाकून इंजिनात डोकावली. तिच्या अंगाला नारळाच्या तेलाचा आणि रडून रडून दमलेल्या माणसाचा वास येत होता.

“एवढी डांगरं कधी भरलीस मग?”

“भरल्यावरच बिघडली, आत्या.”

“अरेरे,” आत्या म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि लोपेतीला वाटलं, जमीन दुभंगून आपण इंजिनासकट आत जावं. “पाणी सोडून बघितलंस? आमचे हे आधी सगळं पाणी सोडून बघायचे. घाण साचते म्हणे.”

“पाणी चांगलं आहे.”

“तुला काय माहीत? सोड, सोड. बघू दे मला.”

आत्यानं सोड म्हटल्यावर सोडणं आलं. लोपेती गाडीखाली सरकला. पाठीखाली खडे टोचत होते. बादली खाली लावावी म्हणून त्यानं एक हात लांब केला आणि दुसऱ्या हातानं तोटी फिरवली. तोटी जुनी, पितळेची, दोन दिवसांपूर्वी संत्र्याच्या रसात मुरलेली. ती फिरली नाही. त्यानं वैतागून पक्कड लावली आणि जोर दिला. तोटी मोडून हातात आली, आणि पाणी बादलीच्या बाहेर, त्याच्या छातीवर, तोंडावर, मातीत. तो नुसता अंगठा भोकात खुपसून पडून राहिला. अंगठ्याच्या कडेनं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

सेनी दारात आली होती. तिनं मातीत मुरणारं पाणी पाहिलं.

“ते आमचं प्यायचं पाणी आहे!” ती किंचाळली. “शेवटचं! गाडीला काही झालेलं नव्हतं, आत्या! काही नव्हतं झालेलं! काल पार पुढच्या गावापर्यंत जाऊन आलेत हे, गात गात!”

मग तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. आतेसासूपुढे ती जन्मात इतकं बोलली नव्हती.

गाडीखालून लोपेतीला फक्त आत्याचे पाय दिसत होते. सुजलेले घोटे, काळ्या झग्याची धुळीनं पांढरी झालेली किनार. पाय हलले नाहीत.

“बाहेर ये,” आत्या म्हणाली.

तो बाहेर आला. चिखलानं माखलेला, हातात मोडकी तोटी.

“शेड कितीला बंद होते?”

“बाराला.”

“लेसिएलीला दोनला नेणार. सूर्य उगवताना मी तुझ्या दारात आले. आधी डांगरं घालू, मग मला सोड, एवढं म्हणाला असतास तर काय झालं असतं?”

“तुम्हाला कसं म्हणणार, आत्या?”

“तोंडानं,” आत्या म्हणाली. “थांब म्हणायचं होतंस. मी थांबले असते. इतका वेळ बसलेच होते ना?”

खरं म्हणजे आत्याला थांब म्हणता येतं हे लोपेतीच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याच्याच काय, गावात कुणाच्याच आलं नसेल.

“बघत काय बसलास? बुजव ते भोक.”

त्यानं कुंपणाच्या रानभेंडीच्या झाडाची फांदी तोडली, कोयत्यानं खुंटी तासली, तिला भेंडीचीच साल गुंडाळली आणि दगडानं ठोकून भोकात बसवली. आत्याच्या शब्दावर सेनीनं टाकीचं कुलूप काढलं. नळ उघडला तर आतून नुसता हवेचा आवाज आला. मग विहिरीचंच पाणी. लोपेतीनं ते बादलीनं ओतलं, आठवडाभराची मेहनत डोळ्यांदेखत बुडवत. खुंटी झिरपत होती, पण धरून होती.

शेडपुढे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. घड्याळात बाराला थोडाच अवकाश होता. लोपेतीनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. आत्या शेजारी बसली होती, गुंडाळी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पुढच्या गाडीवाल्याला हाक मारली.

“ए मोसेसे! सुतकात आहे मी. वाट दे.”

मोसेसेनं मागं वळून पाहिलं, काळे कपडे पाहिले, कोण आहे ते पाहिलं, आणि गाडी बाजूला घेतली. त्याच्या पुढच्यानंही घेतली. रांगेतला प्रत्येक माणूस कुणाचा तरी भाचा होता. वजनापाशी पोचेपर्यंत कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. डांगरं उतरली, तोलली गेली, आणि शेवटचं डांगर आत गेलं तेव्हा शेडचा माणूस दार ओढायलाच लागला होता.

वर्ष वाचलं होतं. लोपेतीला हसावं की रडावं कळेना. “आत्या,” तो म्हणाला, “तुमचे उपकार...”

“गाडी चालव,” आत्या म्हणाली.

रिकाम्या हौद्यानं गाडी उड्या मारत निघाली. झिरपणारी खुंटी वाटेत दोनदा उतरून ठोकावी लागली, कोलोंगा गाव गेलं तेव्हा दोन वाजत आले होते. रस्त्याला दोन्हीकडे नुसत्या नारळाच्या बागा लागल्या, घर नाही, विहीर नाही. काटा हलला. लोपेतीनं पायाचा जोर कमी केला. काटा चढतच होता. त्यानं आत्याला सांगितलं नाही, आत्यानं विचारलं नाही. दोघंही काट्याकडेच बघत होती. मग खालून बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला आणि पुढची काच वाफेनं पांढरी झाली.

खुंटी उडाली होती. पाण्याचा थेंब उरला नव्हता.

यावेळी लोपेतीनं चाकाला लाथ घातली नाही. धावतच जाऊन त्यानं दुसरी फांदी शोधली, तासली, ठोकली. हात भाजले. पण पाणी? त्यानं वर पाहिलं. वर शहाळ्यांचे घड लटकत होते. शहाळ्याच्या पाण्यानं रेडिएटरचं वाटोळं होतं हे त्याला माहीत होतं. होऊ दे म्हणाला. कोयता दातांत धरला आणि खोडावरच्या जुन्या खाचांत पाय रोवत चढायला लागला. वीस वर्षांत तो झाडावर चढला नव्हता. अर्ध्यात गुडघ्यातून कळ निघाली, पोटऱ्या थरथरायला लागल्या, छाती खोडावर सोलून निघाली. तरी चढला.

शेंड्याला पोचला, झावळीला मिठी मारली आणि सहज पुढे पाहिलं. सपाट बेट, सगळं दिसत होतं. बागांच्या पलीकडे निउतोउआची घरं, त्यांच्या पलीकडे पांढऱ्या वाळूचं कबरस्तान. आणि घरांकडून कबरस्तानाकडे काळ्या कपड्यांची रांग सरकत होती. वारा वळला तसं गाणंही ऐकू आलं.

“काय दिसतंय रे?” खालून आत्यानं विचारलं. ती गाडीला टेकून उभी होती, गुंडाळी छातीशी धरून, मान वर करून. “वेळ आहे ना अजून?”

आहे, आत्या. लोपेतीच्या जिभेवर शब्द तयार होता. सकाळीही असाच तयार होता.

“नेतायत, आत्या,” तो म्हणाला. “निम्म्या वाटेवर आहेत.”

आत्या खाली, रस्त्याच्या कडेला, धुळीत बसली. गुंडाळी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या काठावरून हात फिरवत राहिली.

“सावकाश उतर मग,” ती म्हणाली. “आता घाई नाही. आणि उतरताना एक शहाळं मला आण. सकाळपासून घोटभर पाणी विचारलं नाही कुणी.”

लोपेतीचे डोळे भरून आले. पण दोन्ही हात झाडाला होते, पुसायला एकही मोकळा नव्हता.